मत आपलं, तिकीट पक्षाचं. मग सदस्य कोणाचा?

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली की प्रचाराआधी पारावर एकच चर्चा असते, एबी फॉर्म कोणाला? यातला 'ए' म्हणजे पक्षाच्या वतीने सही करायचा अधिकार कोणाला दिलाय त्याचं पत्र आणि 'बी' म्हणजे त्या सहीने जाहीर केलेलं उमेदवाराचं नाव. गटात मतदार हजारो, पण पक्षाचं चिन्ह कोणाला द्यायचं ते ही एक सही ठरवते. उमेदवार कसा निवडावा, कार्यकर्त्यांना विचारावं की नाही, याबद्दल कायदा पक्षांना काहीच सांगत नाही. म्हणून इच्छुक माणूस आधी नेत्याच्या वाड्यावर चकरा मारतो आणि मग आपल्या दारात येतो.

ग्रामपंचायतीचं तसं नाही. तिथं पक्षाचं चिन्हच नसतं, पॅनल असतात. सरपंचाला चावडीवर गाठून जाब विचारता येतो तो त्यामुळेच. (पॅनलमागे कोण असतो ते गावाला ठाऊक असतंच, तो भाग वेगळा.)

निवडून आल्यावर येतो व्हिप, म्हणजे पक्षादेश. आमदार-खासदारांसाठी पक्षांतरबंदी कायदा 1985 साली आला. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि नगरपालिका सदस्यांसाठी महाराष्ट्राचा वेगळा कायदा 1986 चा आहे. व्हिप मोडून मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. हेतू चांगला होता, पैसे घेऊन रात्रीत पक्ष बदलणाऱ्यांना चाप बसावा. पण त्यामुळे पेच असा झाला की पक्षाचं ऐकलं नाही तर पद लगेच धोक्यात, आणि मतदाराचं ऐकलं नाही तर पाच वर्षांनी बघू. माणूस कोणाला भिणार?

विधिमंडळात व्हिप नेमायचा अधिकार आमदारांच्या गटाला नाही, राजकीय पक्षाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानेही 11 मे 2023 रोजी महाराष्ट्राच्याच सत्तासंघर्षात सांगितलं. म्हणजे दोरी पक्षाच्याच हातात.

तरी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. व्हिप मतदानाला असतो, तोंडाला नाही. रस्ता अर्धा का राहिला, पाणी योजनेचं बिल निघालं पण नळाला पाणी का नाही, असा प्रश्न सर्वसाधारण सभेत विचारल्याने कोणाचं पद जात नाही. 'पक्षाचा आदेश आहे, बोलता येत नाही' असं सदस्य म्हणाला तर ते उत्तर खरं धरू नये.

आपला सदस्य सभेत काय बोलला, हे बघायचं असेल तर इतिवृत्त मागता येतं. माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागातल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा आणि त्याला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. सभेची तारीख अर्जात लिहिली तर शोधायला सोपं जातं.