गोल्फच्या बुटांची निगा

आमचे चिरंजीव पुण्यास गोल्फ खेळतात. गेल्या आषाढांत त्यांचे भिजलेले बूट आम्हीं, तेवढीच त्यांस मदत, म्हणून विजेच्या शेगडीजवळ ठेविले. सकाळीं पाहतों तों कातड्यास भेगा! ओलें कातडें कडक उष्णतेनें आखडतें व तडकतें, हें आम्हांस कळावयास हवें होतें. चिरंजीव चकार शब्द बोलले नाहींत; तेंच आम्हांस अधिक लागलें.

तेव्हांपासून नव्या जोडाची निगा आम्हींच पत्करिली आहे. बूट घरीं येतांच नाड्या सोडाव्या, चिखल ओलसर फडक्यानें पुसावा, आंत वर्तमानपत्राचे बोळे भरून जोड सावलींत, वारा लागेल असा ठेवावा. बोळे भिजले कीं बदलावे. पुरते वाळल्यावरच पॉलिश.

खरी मेहनत तळाची. पूर्वींच्या धातूच्या खिळ्यांची जागा १९९० नंतर हळूहळू प्लॅस्टिकच्या खिळ्यांनीं घेतली. त्यांच्या फटींत माती व गवत घट्ट बसलें, कीं पकड जाते आणि ओल्या हिरवळीवर ऐन फटक्याच्या वेळीं पाय सरकतो. दांतांचा जुना ब्रश येथें उत्तम. खिळे झिजल्यास किल्लीनें फिरवून काढावे व नवे बसवावे.

आम्ही चामड्यास हात लावितों म्हणून घरांतून प्रथम नाकें मुरडलीं गेलीं. आतां सौभाग्यवती स्वतःच जुनीं वर्तमानपत्रें निराळीं काढून ठेवितात.