मुठीची आज्ञा

मोटारसायकल चालविणारा मनुष्य उजव्या हाताची मूठ पिळतो आणि गाडी वेग घेते. मूठ सोडतो आणि गाडी मंदावते. ही क्रिया इतकी साधी दिसते कीं, तिच्या मागें काय घडतें याचा विचार आपण क्वचितच करतों. परंतु धांवत्या गाडीवर बसलेल्या मनुष्याचा जीव या एका आज्ञेच्या पालनावर अवलंबून असतो. ती आज्ञा इंजिनापर्यंत कशी पोंचते, वाटेंत ती कोठें अडते, आणि अडली असतां दोष कसा शोधावा, हें या लेखांत थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम जुनी रचना पाहूं. इंजिनास पेट्रोलपेक्षां हवा कितीतरी अधिक लागते. १ ग्रॅम पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ ग्रॅम हवा खर्च होते. म्हणून इंजिनाची शक्ति कमी-अधिक करावयाची ती हवेच्या वाटेवरील दार कमी-अधिक उघडून. या दारास थ्रॉटल म्हणतात. जुन्या पद्धतींत मुठीपासून या दारापर्यंत एक पोलादी केबल गेलेली असते. मूठ पिळली कीं केबल ओढली जाते व दार उघडतें. केबल गंजली किंवा तिचे धागे तुटले, तर दोष डोळ्यांस दिसतो व हातास कळतो.

नव्या पद्धतींत मुठीचा आणि दाराचा हा प्रत्यक्ष संबंध राहिला नाहीं. २००६ सालीं यामाहा कंपनीनें आपल्या वायझेडएफ-आर६ या गाडीवर विजेच्या मोटरीनें उघडणारा थ्रॉटल बसविला. पुण्याजवळ चाकण येथें बजाज कंपनीच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक या गाडीवर ही रचना २०१७ सालीं आली. हिला विद्युत्-थ्रॉटल म्हणूं.

हिचें कार्य असें चालतें. मूठ पिळली कीं तिच्याशीं जोडलेलें एक लहान लोहचुंबक फिरतें. चुंबकाच्या क्षेत्रांत ठेवलेल्या वाहकांतून वीज जात असतां त्याच्या दोन बाजूंमध्यें विजेचा दाब उत्पन्न होतो, हा शोध एड्विन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८७९ सालीं लाविला. याच नियमावर चालणारा सेन्सर मूठ किती फिरली हें ओळखतो आणि त्या मानानें कमी-अधिक व्होल्टचा संदेश ईसीयूकडे, म्हणजे गाडीच्या संगणकाकडे, पाठवितो. ईसीयू इंजिनाची गति वगैरे गोष्टी पाहून एका लहान मोटरीस हुकूम देतो. मोटर दार उघडते. आणि दाराच्या दांड्यावरील सेन्सर तें खरोखर किती उघडलें हें उलट कळवितो. आज्ञा, पालन आणि पालनाची खबर, असा हा त्रिविध व्यवहार एका सेकंदांत अनेक वेळां चालतो.

येथें एक प्रश्न उद्भवतो. सेन्सरनेंच खोटी खबर दिली तर? मूठ सोडलेली असतां ती पूर्ण पिळली आहे असा संदेश गेला, तर अनर्थ ओढवेल. जुन्या करारांतील अनुवाद या पुस्तकांत, एकट्या साक्षीदाराच्या शब्दावरून कोणास दोषी ठरवूं नये, दोन किंवा तीन साक्षीदार असावेत, असा नियम घालून दिला आहे. विद्युत्-थ्रॉटलमध्यें हेंच तत्त्व दृष्टीस पडतें. मुठीपाशीं दोन सेन्सर असतात आणि दारापाशींहि दोन. त्यांचे संदेश मुद्दाम निरनिराळे ठेवलेले असतात. उदाहरणार्थ, एकानें २ व्होल्ट सांगितले तर दुसऱ्यानें १ व्होल्टच सांगावा. हें प्रमाण बिघडलें कीं ईसीयू कोणा एकावरहि विश्वास ठेवीत नाहीं. तो इंजिनाचा दिवा लावतो आणि शक्ति आवरून धरतो. मोटरीची वीज बंद केली असतां स्प्रिंगच्या जोरानें दार जवळजवळ मिटतें. इंजिन मंद चालत राहतें, पण मूठ कितीहि पिळली तरी गाडी वेग घेत नाहीं. मेकॅनिक लोक या स्थितीस लिंप मोड म्हणतात. आपण लंगडी चाल म्हणूं.

तेव्हां हें नीट ध्यानांत ठेवावें कीं, लंगडी चाल हा रोग नव्हे. तें रक्षण होय. साक्षी जुळत नाहींत एवढेंच गाडी सांगत आहे. कोणती साक्ष खोटी व कां, हें मनुष्यानें शोधावयाचें आहे. दिवा लागला कीं महाग भाग बदलणें म्हणजे चौकशीवांचून शिक्षा देणें होय. शोधाचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असावा.

पहिली पायरी, परिस्थिति पाहणें. दोष केव्हां येतो? पावसांत? गाडी जोराच्या फवाऱ्यानें धुतल्यावर? इंजिन तापल्यावर? हँडल एका बाजूस वळविल्यावर? या उत्तरांतच निम्में निदान असतें.

दुसरी पायरी, संकेतांक वाचणें. ईसीयू दोषाचा क्रमांक आपल्या स्मृतींत ठेवतो, व तो उपकरण लावून वाचतां येतो. पी २१३५ हा क्रमांक बहुधा दाराकडील दोन साक्षींचा विरोध दाखवितो, तर पी २१३८ हा मुठीकडील. तथापि आपल्या गाडीच्या पुस्तकांतील तक्ता अवश्य पाहावा. क्रमांक लिहून घेतल्यावांचून तो पुसूं नये. ताप पाहण्याआधींच थर्मामीटर झटकून टाकणारा वैद्य कोणास आवडेल?

तिसरी पायरी, बॅटरी. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतींत सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. बॅटरी क्षीण असली किंवा तिच्या टोकांचे स्क्रू सैल असले, तर ईसीयू व सेन्सर दोघेहि गोंधळतात व निर्दोष भाग दोषी दिसूं लागतो. पुष्कळ शोध येथेंच संपतो.

चौथी पायरी, तारा व कपलर. कपलर उघडून आंत पाणी, हिरवट गंज किंवा वाकलेली पिन आहे काय हें पाहावें. हँडल वळतें तेथें तारांचा झुबका रोज शेंकडों वेळां वांकतो. तेथें वेष्टणाच्या आंत तार तुटलेली असूं शकते. कोंकणांत व घाटमाथ्यावर जेथें चार महिने पाऊस पडतो, तेथें ही तपासणी विशेष अगत्याची आहे.

पांचवी पायरी, मोजणें. इंजिन न चालवितां किल्ली फिरवून सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा मिळतो कीं नाहीं हें मल्टिमीटरनें पाहावें. मग मूठ अगदीं सावकाश पिळावी. आंकडा जिन्यासारखा न उडतां उतारावरून चालल्याप्रमाणें एकसारखा वाढला पाहिजे. मोजण्यासाठीं तारेचें वेष्टण टोंचूं नये. त्या छिद्रांतून पुढें पाणी शिरतें. तसेंच किल्ली चालू असतां थ्रॉटलच्या दारांत बोट कधींहि घालूं नये. मोटर अवचित दार मिटवील.

समजा, एका गाडीनें पी २१३८ हा क्रमांक दाखविला. उतावळा मनुष्य मुठीचा सेन्सर नवा आणील. परंतु विचारी मनुष्य मूठ न हलवितां हँडल डावीकडे वळवून पाहतो, आणि त्याच क्षणीं एका सेन्सरचा आंकडा शून्यावर येतो. सेन्सर निर्दोष आहे. साक्ष वाटेंत हरवत होती. तार जोडून, जोड पाण्यापासून सुरक्षित केला कीं काम संपलें.

हें सर्व ठीक असेल तर थ्रॉटलच्या दारावर सांचलेली काजळी योग्य द्रवानें पुसावी, व पुस्तकांत सांगितलेल्या रीतीनें ईसीयूस दाराचें मिटलेलें स्थान पुन्हां शिकवावें. त्यानंतरहि दोष राहिला, तरच भाग बदलावा.

रस्त्यावर एकाएकीं शक्ति गेली तर घाबरून जागींच थांबूं नये. इशाऱ्याचा दिवा लावून हळूहळू डाव्या कडेस यावें. आणि क्वचित् मूठ सोडूनहि वेग कमी होईना, तर क्लच दाबून तांबडें बटण बंद करावें व ब्रेक लावून थांबावें. लंगड्या चालीच्या गाडीवर घाट चढण्याचा हट्ट कोणींहि धरूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, गिअरच्या मोटारसायकलची मूठ हातीं घेण्यास कायद्यानें अठरा वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. परंतु तिचें शास्त्र समजून घेण्यास आजचा दिवस पुरे आहे. आणि पालकांस एवढीच विनंति कीं, गाडीवर दिवा लागला असतां "अजून चालते आहे ना!" असें म्हणून मुलास त्या गाडीवर धाडूं नये. दोन साक्षी जुळल्यावांचून पुढें जाऊं नये एवढा विवेक त्या मुक्या यंत्रास दिलेला आहे. तो आपण मानला, तर मुलें संध्याकाळीं सुखरूप घरीं येतील.