आधी पदवी, मग रंगमंच!

दोस्तांनो, "मला नाटकच शिकायचंय!" असं म्हटलं की घरात काय होतं? आई गप्प, बाबांचं डोकं पेपरात! पण रुसू नका. १९५९ साली सुरू झालेलं दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय प्रवेशासाठी पदवी मागतं, आणि नाटकांत काम केल्याचा अनुभवही. म्हणजे बाबांचंही खरं, तुमचंही! आधी प्राथमिक चाचणी, मग निवडक मुलांची दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा. जागा थोड्याच, तेव्हा नकार पचवायचीही तयारी हवी. पुण्यात वाढलेल्या रोहिणी हट्टंगडी इथंच शिकल्या आणि १९८२च्या 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा झाल्या. आणि आई-बाबा, यंदाच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत बसाल ना?