जुन्या मोटारीची खरी किंमत

जुनी मोटार विकत घेण्यांत कमीपणा मानण्याचे दिवस केव्हांच गेले. नव्या मोटारीचें मूल्य पहिल्या कांहीं वर्षांत ज्या वेगानें उतरतें तें पाहिलें, म्हणजे तो तोटा दुसऱ्यानें सोसल्यानंतर वाहन घेणें हा शहाणपणाचा व्यवहार ठरूं शकतो, हें सहज ध्यानांत येतें. ठरूं शकतो, एवढेंच म्हणावयाचें. कारण जुन्या मोटारीला दोन किंमती असतात. एक विकणारा तोंडानें सांगतो, आणि दुसरी ती मोटार वर्षभर घरीं नांदल्यावर घेणाऱ्याच्या जमाखर्चाच्या वहींत उमटते. या दोहोंतील अंतर कधीं दहा हजारांचें तर कधीं लाखाचें असतें. तें व्यवहारापूर्वीं बऱ्याच अंशीं मोजतां येतें. मात्र मोजण्याचा कंटाळा करतां कामा नये.

गोंदिया जिल्ह्यांत हा प्रश्न निराळ्या रूपानें पुढें येतो. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकीं सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगांव यांचा बराच भाग रानाचा. धानाच्या बांध्यांमधून गेलेले रस्ते पावसाळ्यांत चिखलानें भरतात. म्हणून येथील कुटुंब मोटार घेण्याचा विचार करूं लागलें, कीं लहान मोटारीपेक्षां एसयूव्ही या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या उंच व दणकट बांध्याच्या मोटारीकडे त्याचें मन ओढ घेतें. नवी घेण्याइतका पैसा नसला म्हणजे २००० सालीं बाजारांत आलेली बोलेरो, २००२ सालची स्कॉर्पिओ, किंवा त्यांच्या मागून आलेल्या वाहनांपैकीं एखादें, पांचदहा वर्षें वापरलेलें, पाहिलें जातें. बाजारहि एका गांवापुरता राहत नाहीं. नागपूर रेल्वेनें सुमारें १३० किलोमीटरवर, मध्य प्रदेशांतील बालाघाट चाळीसेक किलोमीटरवर, आणि पूर्वेस छत्तीसगड. त्यामुळें एमएच-३५ या गोंदियाच्या क्रमांकाबरोबर परप्रांतीय क्रमांकाच्या मोटारीहि घेणाऱ्यापुढें येतात, आणि त्यांचा भाव पुष्कळदां मोहांत पाडण्याइतका कमी असतो.

विक्रेत्यानें सांगितलेला भाव कशाचा बनलेला असतो, हें आधीं पाहिलें पाहिजे. त्यानें मोटार कोणाकडून तरी घेतलेली असते. तीवर धुणें, रंग, पॉलिश, एखादी दुरुस्ती यांचा खर्च केलेला असतो. जागेचें भाडें व गुंतलेल्या भांडवलाचें व्याज असतें. आणि शेवटीं नफा असतो. जीएसटी सामान्यतः या खरेदी-विक्रीच्या फरकावर आकारला जातो. १६ जानेवारी २०२५ पासून त्याचा दर सर्व जुन्या मोटारींना सारखा, म्हणजे १८ टक्के आहे. तेव्हां संपूर्ण किंमतीवर अठरा टक्के वेगळे मागणाऱ्याला हिशेब विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. खाजगी गृहस्थ आपली स्वतःची मोटार विकतो तेव्हां हा कर येत नाहीं. परंतु त्याच्याकडे विक्रेत्यासारखें दुकान नसतें आणि उद्यां तक्रार घेऊन कोठें जावें हाहि प्रश्न राहतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यानें नोंदणी-अधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घेण्याची तरतूद लागू झाली आहे. तें त्याच्यापाशीं आहे किंवा नाहीं, हें विचारावयास संकोच कशाचा?

भाव पटविण्याचें एक ठराविक साधन म्हणजे नव्या मोटारीची किंमत. ‘नवी बारा लाखांना, हीच येथें सहा लाखांत!’ हें वाक्य ऐकावयास गोड लागतें. परंतु नवी म्हणजे कधींची, हें त्यांत सांगितलेलें नसतें. २२ सप्टेंबर २०२५ रोजीं मोटारींवरील कर बदलला. चार मीटरच्या आंतील व लहान इंजिनाच्या मोटारींवर तो १८ टक्के झाला. मोठ्या एसयूव्हीवर पूर्वीं जीएसटी व उपकर मिळून पन्नास टक्क्यांपर्यंत भार पडे, तेथें ४० टक्के आला. नवी स्वस्त झाली म्हणजे जुनीचा भावहि खालीं यावयास हवा. तुलना करावयाची ती आजच्या किंमतीशीं. विकणाऱ्यानें पूर्वीं काय मोजलें होतें याच्याशीं घेणाऱ्याला कर्तव्य नाहीं. आणखी एक गज हातीं धरण्यासारखा आहे. विम्याच्या रूढ कोष्टकाप्रमाणें मोटारीच्या मूल्यांत पहिल्या वर्षाच्या अखेरीस १५, दुसऱ्याच्या २०, तिसऱ्याच्या ३०, चौथ्याच्या ४० व पांचव्याच्या ५० टक्के घट धरतात. पुढें तें परस्परसंमतीनें ठरतें. ज्या वाहनाला मागणी अधिक त्याचा बाजारभाव या कोष्टकाच्या वर राहतो हें खरें. पण किती वर आणि कां, एवढें तरी विचारतां येतें.

आतां दुरुस्तीकडे वळावयाचें. घासाघीस बहुधा येथेंच फसते, कारण घेणारा सगळ्या दोषांची एकच मोट बांधतो व ‘पन्नास हजार कमी करा’ म्हणतो. विकणारा दहा करतो, आणि दोघेहि समाधानानें उठतात! वास्तविक खर्च एका जातीचे नसतात. चालत्या मोटारींत जें असलेंच पाहिजे, तें बिघडलें असेल तर त्याचा पूर्ण खर्च किंमतींतून वजा झाला पाहिजे. घसरणारा क्लच, ढिले झालेले पुढचे जोड, गळणारा रेडिएटर, थंडगार न करणारें वातानुकूलन हे या वर्गांतले. टायर, बॅटरी, ब्रेकचे पॅड यांची गोष्ट वेगळी. तीं झिजण्यासाठींच असतात. निम्मी झीज झालेल्या टायरांची निम्मीच किंमत वजा मागणें न्याय्य होय. टायर कधींचा, हें त्याच्या कडेवरील चार अंकांवरून कळतें; पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांतला. खांचा खोल दिसल्या तरी इतक्या जुन्या रबराला नवें समजूं नये. सीटचें कापड, एखादा ओरखडा, संगीताचें यंत्र हीं हौसेचीं कामें. त्यांचा हिशेब या व्यवहारांत आणूंच नये, नाहीं तर महत्त्वाची गोष्ट बाजूला पडते.

विकणाऱ्याचें एक लाडकें विधान असें, कीं ‘नुकतेच साठ हजार इंजिनावर खर्च केले आहेत.’ हे साठ हजार किंमतींत मिळविण्याचें कांहींच कारण नाहीं. इंजिन चालणें हें मोटारीच्या भावांत आधींच धरलेलें आहे. उलट इंजिन उघडावें कां लागलें, हें त्या बिलावरून शोधावयाचें असतें.

डिझेल मोटारीचें इंजिन न उघडतां जें कळतें तें कमी नाहीं. मोटार सकाळीं, यंत्र पूर्ण थंड असतांना, स्वतःच्या समोर सुरू करवावी. आधींच तापवून ठेवलेली मोटार पुष्कळ दोष झांकते. सुरू झाल्यावर निळसर धूर निघाला तर तेल जळत आहे. काळा भपकारा जोरानें चालवतांनाहि न थांबला तर इंधन किंवा हवा यांचें प्रमाण बिघडलें आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरहि टिकला तर पाणी आंत शिरत असावें. तेल घालण्याचें झांकण काढल्यावर वाफेचा झोत बाहेर येत असेल तर आंतील झीज बरीच आहे. चारी चाकांना गति देणारी मोटार असेल तर तो दांडा मोकळ्या जागेवर प्रत्यक्ष टाकून पाहावा. वर्षानुवर्षें न वापरल्यामुळें तो अडकलेला असणें शक्य आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेल मोटारींत धुराची काजळी धरून जाळणारी गाळणी असते. जी मोटार केवळ गांवांतल्या गांवांत फिरली तिची ही गाळणी तुंबण्याचा संभव अधिक, आणि ती बदलणें महाग पडतें. म्हणून ‘फारच कमी चालली आहे’ ही नेहमीं स्तुति समजूं नये.

पुराचें पाणी पाहिलेली मोटार हा तर वेगळाच धोका. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुरानें भंडारा, गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत हाहाकार उडविला. अशा पाण्यांत बुडालेलें वाहन वाळवून, धुवून, सुगंधी फवारा मारून विकतां येतें. तारांच्या जोडांतील गंज मात्र महिन्यांनीं बाहेर येतो. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर मातीची रेघ आहे का, सीटखालचे बोल्ट गंजले आहेत का, पायपुसणें उचलल्यावर खालीं गाळ सांपडतो का, एवढें पाहण्यास पांच मिनिटें पुरतात. येथें दुरुस्तीचा अंदाज काढण्याच्या भानगडींतच पडूं नये. अशी मोटार कोणत्याहि भावानें महाग होय.

दोष कळल्यावर त्यांचा भाव कोणी करावा? विक्रेत्याचा मिस्त्री रक्कम कमी सांगेल, कारण त्याला विक्री व्हावयास हवी. ज्याच्याकडे दुरुस्तीचें काम जाणार तो कदाचित् अधिक सांगेल. म्हणून तपासणीची मजुरी रोख देऊन तिसऱ्या कारागिराकडे मोटार न्यावी आणि त्याला आधींच सांगावें, कीं काम त्याच्याकडे येईलच असें नाहीं. अंदाजपत्रक लेखी घ्यावें व त्यांत सुटा भाग आणि मजुरी वेगळी लिहवून घ्यावी. कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेंत आख्खा भाग बदलतात. गल्लींतील जुना कारागीर तोच भाग उघडून नीट करतो. दोन्ही रकमा खऱ्या असूं शकतात, पण त्या एकाच कामाच्या नव्हेत. सुट्या भागांवरील करहि २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाला असल्यामुळें त्यापूर्वींचीं बिलें जशींच्या तशीं तुलनेस घेऊं नयेत. ज्या कंपनीनें येथील व्यवसाय आवरला, जसें शेव्हरोले मोटारींची विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली आणि फोर्डनें २०२१ मध्यें येथील उत्पादन बंद करण्याचें जाहीर केलें, त्या मोटारी स्वस्त मिळतात. परंतु सुट्या भागाची वाट पाहण्यांत जे दिवस जातात ते अंदाजपत्रकांत लिहिलेले नसतात.

एक उदाहरण घेऊं. आंकडे केवळ रीत दाखविण्यासाठीं धरले आहेत. विक्रेत्याकडील मोटार ६,२५,०००. तीच जात, तेंच साल, एका गृहस्थाकडे ५,७०,०००. वरवर पाहतां फरक ५५,००० चा. गृहस्थाच्या मोटारीला टायर ३४,०००, क्लच २२,०००, पुढचे जोड १४,०००, बॅटरी ७,०००, विमा १८,००० व नांवबदल ३,०००, असे एकंदर ९८,००० लागतात. ती ६,६८,००० ला पडली. विक्रेत्याच्या मोटारीचे टायर नवे, विमा शिल्लक. पण ती परप्रांतांत नोंदलेली. महाराष्ट्राचा कर ४५,०००, कागदपत्रांचा खर्च ६,०००, आणि पुढचे जोड येथेंहि १४,०००. ती झाली ६,९०,०००. फरक उलटला नाहीं, तरी २२,००० वर आला. आतां गृहस्थाच्या मोटारीचें इंजिन सकाळीं सुरू होतांना अडखळलें असेल, आणि कारागिरानें ‘इंजेक्टर उघडल्यावरच कळेल’ म्हटलें असेल, तर हे २२,००० म्हणजे त्या एका शंकेचा भाव होय. शंका खरी निघाल्यास चारी इंजेक्टरांचें काम त्यांत भागेल का, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचें उत्तर अंदाजपत्रकांतून मिळवितां येतें. भागत नसेल तर गृहस्थाला तेवढें उतरावयास सांगावें, अथवा दुसरी मोटार घ्यावी.

परप्रांतीय मोटारीच्या स्वस्ताईचें मूळ अनेकदां कागदांत असतें. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१५ च्या व सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांनंतर दिल्लीकडील दहा वर्षांवरील डिझेल मोटारी नाहरकत प्रमाणपत्र घेऊन इतर प्रांतांत विकल्या जाऊं लागल्या. अशा मोटारीचें यंत्र उत्तम असूं शकेल; परंतु दुसऱ्या राज्यांत बारा महिन्यांहून अधिक ठेवलेल्या वाहनाला तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो, व कर भरावा लागतो. शिवाय खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढें पांच-पांच वर्षांनीं ती वाढवावी लागते. तेराव्या वर्षांतली मोटार घेणाऱ्यानें तो खर्चहि आजच मांडावा.

इसार देण्यापूर्वीं चासी व इंजिनावरील कोरलेले क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहावेत. दंडाची थकबाकी व कर्जाचा बोजा सरकारी वाहन-नोंदींत तपासावा. बोजा असेल तर सावकारी संस्थेचें नाहरकतपत्र व नमुना ३५ हातीं आल्यावांचून पूर्ण रक्कम देऊं नये. नमुना २९ व ३० वर सही झाली म्हणजे काम संपलें असें पुष्कळ समजतात. त्याच राज्यांत विकणाऱ्यानें चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानें तीस दिवसांत नोंदणी-कार्यालयास कळवावयाचें असतें. विमा-कंपनीला कळविण्याची मुदतहि चौदा दिवसांचीच आहे. तेवढें राहून गेलें आणि मधल्या काळांत अपघात झाला, तर नव्या मालकाला स्वतःच्या मोटारीची भरपाई मिळण्यास अडचण येते, आणि जुना मालकहि सुटत नाहीं. कारण जबाबदारी नोंदणींत नांव असलेल्याची, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें स्पष्ट केलें आहे. म्हणून कांहीं रक्कम नांव बदलून येईपर्यंत राखून ठेवण्याचें लेखी ठरवावें, आणि दोन्ही चाव्या, सेवेचीं जुनीं बिलें व विम्याचा कागद मोटारीबरोबरच ताब्यांत घ्यावा.