विहिरीचे पाणी डिझेल-पेट्रोलपासून जपा

यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला खडक. या भेगांतील पाणीच विहिरींना मिळते. इंजिन-ट्रॅक्टरचे सांडलेले डिझेल, पेट्रोल किंवा जळके ऑइलही मुरमातून याच भेगांत उतरते.

तेल पाण्यावर तरंगते आणि पाणीपातळी उतरली की खडकाला चिकटून राहते. पेट्रोलमधील बेंझिन मात्र पाण्यात विरघळून पुढे सरकते. ते दीर्घकाळ शरीरात गेल्यास रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील बेमिजी गावाजवळ १९७९ मध्ये तेलवाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. बरेचसे काढून घेतले, तरी काही तेल भूजलापर्यंत पोचले. जमिनीतील जिवाणू ते खातात, पण कित्येक दशकांनंतरही ते पूर्ण संपलेले नाही. तेथे जमीन वाळूची आहे. आपल्या खडकाच्या भेगांतून तेल काढणे त्याहून अवघड. म्हणून तेल मातीत असतानाच उपाय करावा.

तेल जमिनीवर सांडल्यास

१) माती ताबडतोब, पाऊस येण्यापूर्वी खणून काढावी.
२) विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूस प्लॅस्टिकच्या कागदावर वीतभर थर पसरावा.
३) कुजलेले शेणखत व थोडा युरिया मिसळून ओल टिकवावी व दर आठवड्याला उलथापालथ करावी. हवा, ओल आणि नत्र मिळाल्यास जिवाणू वेगाने वाढतात. पावसात माती झाकावी.

तेल विहिरीत गेल्यास

१) पाणी पिणे ताबडतोब थांबवावे. तुरटी किंवा टीसीएल पावडरने तेल जात नाही.
२) वास येत असल्यास आत उतरू नये, बिडी पेटवू नये, मोटार सुरू करू नये. वाफेने गुदमरण्याचा व भडका उडण्याचा धोका असतो.
३) डिझेल किंवा ऑइलचा तवंग असल्यास रुई जाळीत बांधून वरून दोराने पाण्यावर टेकवावी. कच्च्या रुईवरील नैसर्गिक मेणामुळे ती पाणी सोडून तेल शोषते. हलक्या प्रतीची रुईही चालते. भिजलेली रुई झाकणाच्या डब्यात ठेवावी.
४) पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत तेल कळत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयास कळवून तेलासाठी वेगळी तपासणी मागावी.

इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे ठेवावा आणि डिझेलची टाकी विहिरीपासून दूर, पक्क्या ओट्यावर ठेवावी. ट्रेचा खर्च थोडा. विहीर बिघडली तर पिण्याचे पाणी जाते.