ट्रकच्या मागच्या ॲक्सलची ओळख

न्हावऱ्याहून चौफुल्याकडे उसाने लादलेला ट्रक चाललेला पाहिला की माझी नजर मागच्या चाकांमधल्या फुगीर गोळ्यावर जाते. त्यातच क्राऊन-पिनियन असतं. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला ७ असतील, तर रेशो ५.८६, पिनियन ६ दातांचा असेल, तर ६.८३. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून सुटा भाग आणण्याआधी हाउसिंगवरचा चिखल खरवडून पट्टी किंवा कोरलेला नंबर वाचा.

पट्टी झिजली असेल तर? ट्रक न्यूट्रलमध्ये ठेवा, बाकीच्या चाकांना पक्क्या उट्या लावा आणि मागची एकच बाजू उचलून स्टँडवर घ्या. हँडब्रेक सोडा. चाक पूर्ण दोन वेढे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे वेढे मोजा. साध्या ॲक्सलमध्ये तोच रेशो. शाफ्टवर खडूची रेघ मारा, म्हणजे मोजणी चुकत नाही. हबमध्येही गिअर असतील, तर त्यांची घटही या आकड्यात येते.

ऑइलचंही तसंच. हायपॉइड जोडीत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर नसतो, त्यामुळे दात एकमेकांवर जोरात घासतात. तिथे जीएल-५ दर्जाचंच गिअर ऑइल हवं. इंजिन ऑइल अजिबात घालू नका. ग्रेड मात्र गाडीच्या पुस्तकातूनच घ्या.