खेळाडू ते प्रशिक्षक : जर्मनीची शिस्तबद्ध वाट आणि शहडोलचे विचारपूर

जबलपूर : मध्य प्रदेशातील शहडोल जिल्ह्यातल्या विचारपूर या आदिवासीबहुल गावातील पाच तरुण फुटबॉलपटू ऑक्टोबर २०२५ मध्ये सरावासाठी जर्मनीला गेले. बव्हेरियातील ‘एफसी इंगोलश्टाट ०४’ या क्लबने त्यांना निमंत्रण दिले होते. जबलपूरच्या पूर्वेस काही तासांच्या अंतरावर असलेल्या या गावाला ‘मिनी ब्राझील’ म्हटले जाते. या दौऱ्याच्या बातम्यांत मुलांचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मात्र या खेळाडूंसोबत त्यांची प्रशिक्षकही जर्मनीला गेली, याकडे फारसे लक्ष गेले नाही. विचारपूरच्या फुटबॉलचे भवितव्य मुलांइतकेच तिच्यासारख्या प्रशिक्षकांवर अवलंबून आहे.

निमंत्रण कसे आले?

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जुलै २०२३ मधील ‘मन की बात’ कार्यक्रमात विचारपूरचा प्रथम उल्लेख केला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील लेक्स फ्रिडमन यांना दिलेल्या मुलाखतीत त्यांनी पुन्हा या गावाविषयी सांगितले. ती मुलाखत ऐकून डिटमार बायर्सडॉर्फर यांनी जर्मनीतील भारतीय दूतावासाशी संपर्क साधला आणि येथील खेळाडूंना प्रशिक्षण देण्याची तयारी दर्शविली.

बायर्सडॉर्फर हे बचावपटू होते. हॅम्बर्ग संघाकडून त्यांनी १९८७ मध्ये जर्मन चषक जिंकला, १९९३ मध्ये वेर्डर ब्रेमेन संघासोबत बुंडेसलिगा विजेतेपद मिळविले आणि राष्ट्रीय संघाकडून एक सामना खेळला. भारतात त्यांचा उल्लेख प्रशिक्षक असा झाला असला तरी निवृत्तीनंतर त्यांचे काम प्रामुख्याने क्लबांच्या क्रीडा व्यवस्थापनाचे राहिले आहे. नामांकित खेळाडू आपोआप प्रशिक्षक होतो असे जर्मनीत मानले जात नाही. प्रशिक्षण हा तेथे स्वतंत्र व्यवसाय असून तो शिकावा लागतो.

विश्वविजेताही पुन्हा विद्यार्थी

याचे ठळक उदाहरण म्हणजे मिरोस्लाव क्लोजे. त्यांनी सुताराचे शिक्षण घेतले होते आणि ऐन तारुण्यात ते एका छोट्या गावच्या हौशी क्लबकडून खेळत होते. पुढे त्यांनी जर्मनीसाठी १३७ सामन्यांत ७१ गोल केले. विश्वचषक स्पर्धांत एकूण १६ गोलांचा विक्रम करून ते २०१४ च्या विश्वविजेत्या संघाचे मानकरी ठरले.

२०१६ मध्ये निवृत्ती घेतल्यावर त्यांनी प्रथम राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकवर्गात उमेदवारी केली. २०१८ मध्ये बायर्न म्युनिकने त्यांच्याकडे १७ वर्षांखालील मुलांचा संघ सोपविला. तेथे दोन वर्षे काढल्यानंतर ते वरिष्ठ संघाचे सहायक प्रशिक्षक झाले आणि सर्वोच्च प्रशिक्षक परवाना मिळविल्यावर स्वतंत्रपणे संघ सांभाळू लागले. दुसरीकडे, दुखापतीमुळे विशीतच खेळ सोडावा लागलेले युलियान नागेल्समान हेही मुलांच्या संघांपासून सुरुवात करून २०१६ मध्ये, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी, हॉफेनहाइमच्या वरिष्ठ संघाचे प्रशिक्षक झाले. क्लोजे यांच्यामागे मोठी कारकीर्द होती, नागेल्समान यांच्यामागे नव्हती. तरीही दोघांची वाट मुलांच्या मैदानातूनच गेली.

मुलांना शिकविणे वेगळे का?

निष्णात खेळाडूच्या अनेक हालचाली सवयीने अंगवळणी पडलेल्या असतात. त्या सुट्या करून, शब्दांत मांडून दहा वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचविणे हे निराळे कौशल्य आहे. प्रत्येक वयाची गरजही भिन्न असते. लहान मुलाच्या पायाला चेंडूचा जास्तीत जास्त स्पर्श व्हायला हवा. म्हणून जर्मन फुटबॉल महासंघाने २०२४-२५ च्या हंगामापासून लहान वयोगटांसाठी मोठ्या संघांऐवजी कमी खेळाडूंचे, छोट्या मैदानावरील सामने बंधनकारक केले. किशोरवयात उंची झपाट्याने वाढते, तोल बिघडतो आणि दुखापतीचा धोका वाढतो. एकाच वयोगटात वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले थोराड दिसतात आणि निवड समितीच्या नजरेत भरतात. उशिरा वाढणाऱ्या गुणी मुलाला ओळखून थांबण्याचा संयम प्रशिक्षकाकडे असावा लागतो.

जर्मनीला हे शहाणपण पराभवातून आले. २००० च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत हा संघ गटात तळाला राहिला. त्यानंतर व्यावसायिक क्लबांना युवा अकादमी चालविणे सक्तीचे झाले आणि देशभर साडेतीनशेहून अधिक प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली. तेथे परवानाधारक प्रशिक्षक नेमले गेले. २०१४ च्या विश्वविजेतेपदामागे या व्यवस्थेचा मोठा वाटा मानला जातो.

व्यवस्थेविना घडलेले विचारपूर

विचारपूरमध्ये हेच काम एका व्यक्तीच्या जिद्दीवर सुरू झाले. दोन-अडीच दशकांपूर्वी हे गाव अवैध दारू आणि व्यसनांसाठी ओळखले जात असे. माजी राष्ट्रीय खेळाडू रईस अहमद यांनी येथील मुलांमधील गुण हेरले आणि तुटपुंज्या साधनांनिशी त्यांना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली. पुढे प्रशासनाच्या ‘फुटबॉल क्रांती’ उपक्रमाने त्याला बळ दिले. पंतप्रधानांनी २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, गावातून ४० हून अधिक राष्ट्रीय व राज्यस्तरीय खेळाडू घडले असून शहडोल आणि परिसरात १,२०० हून अधिक फुटबॉल क्लब आहेत.

हा आकडा अभिमानाचा आहे, तशीच जबाबदारी दाखवणाराही आहे. एवढ्या क्लबांना तितकेच प्रशिक्षक लागतील आणि ते बाहेरून येणे अवघड आहे. आज खेळणाऱ्या मुला-मुलींमधूनच ते घडवावे लागतील. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या परवाना पद्धतीत ‘डी’पासून ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि पुढे ‘प्रो’ असे टप्पे आहेत. मार्ग आखलेला आहे. मात्र खेडेगावातील खेळाडूला अभ्यासक्रमाचे शुल्क, प्रवास आणि त्या काळात बुडणारी मजुरी यांचा मेळ घालावा लागतो. परवाना मिळाल्यावर गावातच राहता येईल असे मानधन नसेल, तर तो पोटापाण्यासाठी शहराची वाट धरतो आणि त्याच्याबरोबर गावाचा अनुभवही निघून जातो.

राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्या बहुतेकांना पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये जागा मिळत नाही, ही जगभरची वस्तुस्थिती आहे. जर्मनीत अशा खेळाडूपुढे मुलांचा प्रशिक्षक होण्याचा सन्माननीय पर्याय असतो. विचारपूरमध्ये तो आजवर त्यागावर उभा राहिला.

इंगोलश्टाटचा दौरा काही दिवसांचा होता. तेथील हिरवळ आणि सुविधा शहडोलला आणता येणार नाहीत. मात्र सरावाची आखणी, वयानुसार शिकविण्याची पद्धत आणि प्रशिक्षकाच्या कामाला दिला जाणारा मान या गोष्टी आणता येतील. पाच खेळाडूंसोबत गेलेल्या प्रशिक्षकाने तेथून काय आणले आणि ते इतर गावांपर्यंत पोहोचविण्यासाठी तिला किती साथ मिळते, यावर या दौऱ्याचे खरे फलित ठरेल.